कार्डियाक अरेस्टनंतर मेंदूला इजा झालेल्या पेशंटला स्टेम सेल द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४४ वर्षांच्या मोठ्या भावाला घरीच हार्ट अटॅक येऊन हृदय बंद पडलं. सीपीआर मिळायला वेळ लागला. हॉस्पिटलमध्ये हृदय पुन्हा सुरू झालं, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आता पाच महिने झालेत. डोळे उघडतात, झोप-जाग आहे, पण ओळख देत नाहीत, बोलत नाहीत. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी आहे, नाकातल्या नळीतून फीड चालू आहे. एका सेंटरनं कमरेतून चार वेळा स्टेम सेल देण्याचं पॅकेज सांगितलंय, ‘उशीर करू नका’ असंही म्हटलंय. त्यासाठी घरचे गावाकडची जमीन विकायला निघालेत. तर हे करावं का?

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. या उपचारासाठी जमीन विकू नका. हृदय बंद पडून मेंदूला झालेल्या इजेत स्टेम सेलमुळे माणूस शुद्धीवर येतो किंवा जास्त सुधारतो, हे माणसांवरच्या कुठल्याही भक्कम चाचणीतून आजवर सिद्ध झालेलं नाही. पण म्हणून दादांसाठी करण्यासारखं काही उरलं नाही, असं मुळीच नाही. बरंच आहे, आणि पाच महिन्यांच्या धावपळीत त्यातलं बरंचसं राहून गेलेलं असतं. मेंदूच्या पुनर्वसनाच्या वॉर्डात माझं रोजचं काम अशाच पेशंटांबरोबर आहे. पैसे एका पॅकेजमध्ये संपले की फिजिओ बंद होतो, रात्रीची मावशी बंद होते, चांगलं फीड बंद होतं. त्या जमिनीची मला काळजी वाटते ती यासाठी.

आधी इजा कशी होते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच पारखता येईल. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा साधारण पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि त्याच्याकडे साठा असा काही नसतो. रक्त थांबलं की १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते. चार-पाच मिनिटं उलटली की पेशींना कायमची इजा व्हायला सुरुवात होते. बऱ्याच नातेवाइकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की हृदय पुन्हा सुरू झाल्यावरही इजा थांबत नाही. रक्त परत आल्यावर पेशींमध्ये कॅल्शियम भरतं, सूज चढते, दाह सुरू होतो. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या काही पेशी तर दोन-तीन दिवसांनी मरतात. म्हणून तर आयसीयूत पहिले तीन दिवस ताप चढू नये यासाठी एवढी धडपड असते.

पॅरालिसिसच्या झटक्यात एक रक्तवाहिनी बंद होते आणि मेंदूचा एक तुकडा जातो. शेजारचे भाग शाबूत असतात, ते हळूहळू काही कामं उचलतात. हृदय बंद पडतं तेव्हा अख्ख्या मेंदूचाच पुरवठा एकदम तुटतो. वरचा थर, खोलवरची केंद्रं, तोल सांभाळणारा लहान मेंदू, सगळीकडे थोड्याफार प्रमाणात पेशी जातात. त्यामुळे ‘मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी टाकू’ हे ऐकायला सोपं वाटलं, तरी जागा एक नाही, असंख्य आहेत. आणि त्यातल्या प्रत्येक पेशीच्या दुसऱ्या पेशींशी हजारो जोडण्या आयुष्यभरात जुळलेल्या होत्या.

आता सिरिंजमध्ये नेमकं काय असतं ते पाहू. ‘स्टेम सेल’ या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी दिल्या जातात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेशंटच्याच कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढतात, ती मशीनमध्ये फिरवून पेशींचा एक थर वेगळा करतात आणि त्याच दिवशी कमरेत मणक्यामध्ये सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. त्या थरात बहुतांश साध्या रक्ताच्या पांढऱ्या पेशी असतात, खऱ्या स्टेम सेलचं प्रमाण अगदी नगण्य असतं. दुसरा प्रकार मेसेन्कायमल पेशींचा. त्या मज्जेतून, चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवतात. शिरेतून दिल्या तर त्यातल्या बहुसंख्य पेशी आधी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, मेंदूपर्यंत फार थोड्या पोचतात. आणि यांपैकी कुठल्याही पेशी मेंदूत जाऊन न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, होत नाहीत, तुटलेल्या जोडण्या नव्यानं विणत नाहीत. गंभीरपणे काम करणारे संशोधकही आता तसं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की या पेशी काही द्रव्यं सोडतात, त्यांनी दाह शमतो आणि मरणाच्या काठावरच्या पेशी वाचू शकतात.

हे म्हणणं खरं धरलं तरी ‘उशीर करू नका’ या वाक्याचं काय होतं बघा. ज्या दाहाला शांत करायचं, तो प्रामुख्यानं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत भडकतो. उंदरांवरच्या ज्या प्रयोगांत फायदा दिसला, त्यांत पेशी हृदय सुरू झाल्यानंतर लगेच, तासांच्या हिशेबात दिल्या होत्या. पाचव्या महिन्यात वाचवायच्या काठावरच्या पेशी उरलेल्या नसतात. या आठवड्यात द्या नाहीतर पुढच्या वर्षी, दादांच्या बाबतीत त्या सिद्धांताप्रमाणेही वेळ टळून गेलेली आहे. म्हणून ती घाई अंगावर घेऊ नका.

माणसांवरचा पुरावा हृदय बंद पडलेल्यांमध्ये फारच तुटपुंजा आहे, त्यामुळे जवळचं उदाहरण पक्षाघाताचं घ्यावं लागतं. आणि त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातला आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं पाच केंद्रांत १२० पेशंटांवर झालेली ही चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी रोजची कामं स्वतः करता येण्याचं मोजमाप केलं, तेव्हा शंभरपैकी सरासरी गुण पेशी मिळालेल्यांचे ६३.१ आणि न मिळालेल्यांचे ६३.६ आले. म्हणजे काहीच फरक नाही. जपानमध्ये दुसऱ्या प्रकारच्या, दात्याच्या पेशी पक्षाघातानंतर दीड दिवसाच्या आत देऊन दोनशेवर पेशंटांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, आणि मुख्य कसोटीवर तिथंही फरक दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण इंटरनेटवर ती तुम्हाला दिसेलच. जुलै २०२४ मध्ये जपाननं मेंदूच्या इजेसाठी एका पेशी-उपचाराला सशर्त मान्यता दिली. बातमी खरी आहे. पण तो उपचार अपघातात डोक्याला मार लागून हातपायांत कमजोरी राहिलेल्या पेशंटांसाठी आहे, पेशी शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत सोडतात, आणि मान्यतेमागची चाचणी साठेक पेशंटांची होती. त्याच पेशी पक्षाघाताच्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरल्या नव्हत्या. शुद्ध न आलेल्या, ऑक्सिजन तुटून इजा झालेल्या पेशंटचा त्यात संबंध येत नाही. या शास्त्रातून पुढे काही निघेल अशी मलाही आशा आहे. म्हणूनच ते नीट तपासलं जावं असं वाटतं.

‘पण सेंटरनं व्हिडिओ दाखवले, आधी आणि नंतरचे’ हे वाक्य मी वरचेवर ऐकते. त्या व्हिडिओतली सुधारणा बऱ्याचदा खरीच असते. वर सांगितलेल्या एम्सच्या आकड्यांकडे पुन्हा बघा. पेशी न मिळालेलेही सहा महिन्यांत तेवढ्याच गुणांवर पोचले होते. त्या पॅकेजमध्ये रोज दोन-तीन तास फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपीही असते. घरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास व्यायाम मिळणाऱ्या पेशंटला महिनाभर एवढी थेरपी मिळाली, तर मान सावरणं, बसणं यांत फरक पडतोच. मग श्रेय सुईला मिळतं. तुम्ही फक्त थेरपीचा दर विचारा. पॅकेजच्या मानानं तो फारच थोडा निघतो.

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ तोटा होऊ शकतो, आणि दादांच्या बाबतीत त्यातला एक अगदी ठोस आहे. त्यांना स्टेंट बसून पाच महिने झालेत. अटॅकनंतर स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालू ठेवतात. मणक्यातून सुई घालायची म्हटलं की त्यातली एक तरी काही दिवस बंद करावी लागते, नाहीतर मणक्यात रक्तस्राव होऊन पाय जाण्याचा धोका असतो. आणि या टप्प्यावर गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. चार वेळा सुई म्हणजे चार वेळा हा जुगार. सेंटरनं तुमच्या कार्डिऑलॉजिस्टशी याबद्दल बोलणं केलंय का, हे जरूर विचारा.

बाकीचे धोके म्हणजे डोकेदुखी, ताप, मेंदूज्वर, फिट्स. कमी वेळा घडणारे पण गंभीर धोकेही नोंदले गेले आहेत. मॉस्कोत गर्भातल्या पेशींची इंजेक्शनं घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात पुढे गाठी झाल्या, आणि त्या दात्याच्या पेशींपासूनच वाढल्या होत्या, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पक्षाघातानंतर परदेशांत मणक्यातून पेशी घेतलेल्या एका अमेरिकन पेशंटच्या मणक्यात अशीच वाढ झाल्याचं २०१६ मध्ये नोंदलं गेलं. स्वतःच्या मज्जेतल्या पेशींत हा धोका बराच कमी असतो, पण नाळेतून किंवा दुसऱ्याकडून आलेल्या पेशी असतील तर त्या कुठं, कशा वाढवल्या, कोणी तपासल्या, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नियमांचं थोडक्यात सांगते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगळता स्टेम सेलचा बाकी वापर हा संशोधन आहे, आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा असतो. चाचणीत सहभागी पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. म्हणून सेंटरला तीन गोष्टी लेखी मागा: सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि औषध नियंत्रकांची परवानगी. क्रमांक मिळाला तर त्यात कोणता आजार लिहिलाय तेही वाचा, कारण दुसऱ्याच आजाराच्या चाचणीचा क्रमांक पुढे केला जातो. पैसे मागितले की ती चाचणी नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. खरी चाचणी कुठं चालू असेल आणि दादा तिच्या निकषांत बसत असतील, तर जरूर विचार करा. मी स्वतः कागद वाचून सांगेन.

आता दादांसाठी काय करायचं ते.

पहिली गोष्ट, ते नेमके कुठल्या अवस्थेत आहेत हे ठरवा. डिस्चार्ज कार्डवर ‘व्हेजिटेटिव्ह’, म्हणजे डोळे उघडे पण जाणीव नाही, असं लिहून येतं आणि मग ते कायमचं चिकटतं. २००९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की रोजच्या निरीक्षणावरून ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवलेल्यांपैकी ४१ टक्के पेशंटांना पद्धतशीर तपासणीत थोडी तरी जाणीव असल्याचं दिसलं. ही तपासणी कोमा रिकव्हरी स्केल या मोजपट्टीनं करतात. महागडं मशीन लागत नाही, शिकलेला माणूस आणि वेळ लागतो. एकदाच करून भागत नाही, दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करावी लागते.

तिच्यातला एक भाग तुम्ही घरीही करून बघू शकता. दाढी करतानाचा हातातला छोटा आरसा घ्या. दादांना उशा लावून बसतं करा, दुपारची झोप झालेली असू दे, टीव्ही बंद ठेवा. आरसा त्यांच्या चेहऱ्यासमोर चार-सहा इंचांवर धरा. त्यांना स्वतःचा चेहरा दिसेल असा धरून सावकाश उजवीकडे न्या, मग डावीकडे, मग वर आणि खाली. काही बोलू नका, स्वतः मध्ये येऊ नका, नाहीतर ते तुमच्याकडे बघतील आणि गोंधळ होईल. डोळे आरशाबरोबर न तुटता सरकतात का, एवढंच पाहायचं. बोट किंवा टॉर्च फिरवून जे दिसत नाही ते आरशात दिसतं, कारण स्वतःचा चेहरा सगळ्यांत जास्त लक्ष वेधून घेतो. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा असं दिसलं, तर व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवा. त्यानं औषधं, थेरपी आणि पुढचा अंदाज, सगळंच बदलू शकतं.

दुसरी गोष्ट, जागेपणाला अडवणारं काही आहे का ते शोधा. आयसीयूत फिट्ससाठी सुरू केलेली औषधं तशीच चालू असतात, त्यात स्नायू सैल करायची गोळी, झोपेची गोळी यांची भर पडते, आणि पेशंट गुंगीत राहतो. फाइल घेऊन प्रत्येक गोळीला विचारा, ही आज कशासाठी? गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी, करून आतल्या आत फिट्स चालू नाहीत ना, हे पाहायला हवं. सोडियम, थायरॉइड, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणारा दात किंवा खांदा, यांतल्या कशानंही माणूस आणखी मिटून जातो.

अंगाला झटके येतात का? हृदय बंद पडल्यानंतर शुद्धीवर येणाऱ्या काही जणांना हालचाल करू गेलं की झटके येतात. लान्स आणि ॲडम्स यांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं. नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा त्यांना फिट्स समजतात आणि सगळेच निराश होतात. खरं तर पेशंट काहीतरी करायचा प्रयत्न करतोय, याची ती खूण असू शकते. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि ती बऱ्यापैकी लागू पडतात.

अमांटाडीन नावाच्या गोळीबद्दल तुम्हाला कोणी सांगेल. २०१२ मध्ये १८४ पेशंटांवरच्या चाचणीत तिनं सुधारणेचा वेग वाढलेला दिसला, पण ते सगळे डोक्याला मार लागलेले होते. ऑक्सिजन तुटून झालेल्या इजेत पुरावा कमजोर आहे. तरी गोळी जुनी, स्वस्त आणि तोंडानं किंवा नळीतून देण्याजोगी आहे, म्हणून मूत्रपिंड आणि फिट्सचा विचार करून काही आठवडे देऊन बघण्यात मला गैर वाटत नाही.

तिसरी गोष्ट शरीर राखण्याची. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा अधांतरी ठेवणं, हाताला आणि घोट्याला स्प्लिंट (आधाराची पट्टी), रोज खुर्चीत बसवणं, तोंडाची स्वच्छता, फीड देताना आणि नंतर तासभर डोकं उंच. नाकातली नळी पाच महिने झाली असेल तर पेग, म्हणजे पोटातून थेट जठरात जाणारी फीडची नळी, टाकण्याबद्दल विचारा, पण तेही त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा हिशेब करूनच. ट्रॅकिओस्टॉमी काढता येईल का हे बरेचदा कोणी तपासतच नाही. या सेवेनं काय साधतं, ते मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये दिसलं. तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्याही मेंदूचा ऑक्सिजन तुटला होता. १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं आणि इतक्या वर्षांत बेडसोर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात त्या सेवेची मनापासून दखल घेतली.

पुढचा अंदाज विचारलात, म्हणून स्पष्ट सांगते. अशा इजेत सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत दिसते. पूर्वी तीन महिन्यांनंतर ‘कायमचं’ असं म्हणायचे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्टांच्या संघटनेनं तो शब्द सोडून ‘दीर्घकालीन’ म्हणायचं ठरवलं, कारण काही जण उशिरा जागे होतात. ते थोडे असतात आणि बहुतेकांना पुढेही पूर्ण आधार लागतो. जाणिवेची खूण सापडली तर आशा जास्त, नाही सापडली तर कमी. दादा पूर्वीसारखे कामाला जातील असं मी म्हणणार नाही. वहिनींशी आणि आईंशी बसून एक बोलणंही करून ठेवा. पुन्हा न्यूमोनिया झाला तर व्हेंटिलेटर लावायचा का, दादांनी स्वतः काय म्हटलं असतं. शांतपणे ठरलेलं रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ठरवण्यापेक्षा बरं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करून आधार देणाऱ्या सेवेची, टीम जवळ असेल तर तिची मदत आतापासूनच घ्या, ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते.

भेटायला येताना डिस्चार्ज समरी, एमआरआयची सीडी, ईईजी, सध्याच्या गोळ्यांची यादी आणि आरशाचे व्हिडिओ आणा.

आणि एक तुमच्यासाठी. सख्ख्या भावाला ४४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, म्हणजे तुमचाही धोका वाढलेला आहे. पाच महिने दादांच्या मागे धावताना हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल. या महिन्यात बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून दादांच्याच कार्डिऑलॉजिस्टना दाखवा, तंबाखू असेल तर सोडा, आणि दादांच्या मुलांची तपासणी कधीपासून करायची तेही त्याच भेटीत विचारून घ्या.